घरच्या सर्व्हरवर ॲप आपोआप चढवायचं: पहिल्या पुशपासून गुरुवारच्या लाईटपर्यंत

मार्च संपत आला की आमच्या सोसायटीत रोज चार-पाच टँकर येतात, दहा हजार लिटरचा एक. महिनाअखेरीस बिल येतं आणि वहीतले टँकर आणि बिलातले टँकर जुळत नाहीत. म्हणून मी एक छोटं वेब ॲप लिहिलं. टँकर आला की वॉचमनकाका मोबाईलवर गाडीचा नंबर टाकतात, बटण दाबतात, वेळ आपोआप नोंदली जाते. हे ॲप माझ्या घरात टीव्हीमागे ठेवलेल्या छोट्या संगणकावर चालतं.

ॲप लिहायला दोन शनिवार-रविवार पुरले. खरा त्रास पुढे सुरू झाला. चूक लक्षात यायची हिंजवडीला ऑफिसात, दुरुस्ती व्हायची पंधरा मिनिटांत, पण ती घरच्या सर्व्हरवर चढवायला रात्री घरी पोचावं लागायचं. मग लॉगिन करून हाताने पाच-सहा आज्ञा द्यायच्या. त्यातली एक राहिली की पहाटे पावणेसहाला फोन.

"ताई, बटण दाबलं तरी नुसतं गोल गोल फिरतंय."

"काका, तोवर वहीत लिहून ठेवा, मी बघते."

ज्यांनी लॅपटॉपवर एखादं ॲप डॉकरमध्ये (ॲप त्याच्या सगळ्या गरजांसकट एका डब्यात चालवणाऱ्या साधनात) चालवून पाहिलंय, पण ते सर्व्हरवर आपोआप चढवण्याची व्यवस्था कधी केली नाही, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बाहेरून कोणी घरात येऊन नवं ॲप ठेवून जाईल अशी व्यवस्था करू नका. घरच्या सर्व्हरनं स्वतः बाहेर जाऊन ते आणावं. आपण दूध केंद्रावरून घेऊन येतो, केंद्रवाल्याला घराची किल्ली देत नाही. इथेही तसंच. गिटहबकडे (कोड ठेवायच्या वेबसाइटकडे) तुमच्या घराचा पासवर्ड नको, राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडायला नको, आणि गिटहबचं खातं उद्या कोणी फोडलं तरी त्याच्या हाती घरात लॉगिन करायची किल्ली लागत नाही.

याला एक व्यावहारिक कारणही आहे. भारतात घरगुती ब्रॉडबँडच्या पुष्कळ जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही. एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही त्यातलेच. अशा जोडणीवर बाहेरून आत यायला सरळ वाटच नसते. पोर्ट फॉरवर्डिंगचे व्हिडिओ बघण्यात मी एक अख्खा रविवार घालवला, तो यामुळेच वाया गेला.

यंत्र

नवा सर्व्हर विकत घेऊ नका. आयटी कंपन्या दर काही वर्षांनी डेस्कटॉप बदलतात आणि पुस्तकाएवढे छोटे संगणक जुन्या बाजारात येतात. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असली की अशी दहा ॲप्स आरामात चालतात. रिकामा बसलेला असा संगणक साधारण १० वॉट खातो असं धरलं तर महिन्याला ७.२ युनिट होतात. रास्पबेरी पायही चालेल, पण त्यात मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावा. अचानक लाईट गेली की कार्डं खराब होतात. लॅन केबल आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणा. यूपीएस ऐच्छिक नाही, का ते शेवटी सांगते.

संगणकावर डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) टाका, डेस्कटॉपशिवाय. डॉकर त्यांच्या अधिकृत रेपॉझिटरीतून बसवा. अनेक सेवा एकत्र चालवणाऱ्या "डॉकर कंपोज" या आज्ञेत, जुन्या लेखांत, दोन शब्दांमध्ये आडवी रेघ दिसेल. ती पहिली आवृत्ती २०२३ मध्ये बंद झाली; आता मध्ये मोकळी जागा असते. आणि ज्या वापरकर्त्याला तुम्ही डॉकरच्या गटात घालाल, त्याच्या हातात रूटइतकीच (यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याइतकीच) सत्ता येते. म्हणून त्या गटात एकच नाव ठेवा.

साचा आणि मूर्ती

इमेज म्हणजे साचा, कंटेनर म्हणजे त्यातून काढलेली मूर्ती. मूर्तीवर हाताने रंग मारला तर तो साच्यात उतरत नाही. पुढची मूर्ती पुन्हा कोरीच निघते. नवखे लोक इथेच फसतात: चालू कंटेनरमध्ये शिरून एखादी फाइल दुरुस्त करतात, ॲप चालतं, आणि पुढच्या वेळी नवा कंटेनर बनला की दुरुस्ती गायब. म्हणून नियम असा की बदल फक्त कोडमध्ये आणि डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलीत) करायचा. जे टिकायला हवं ते, म्हणजे डेटाबेस आणि अपलोड केलेल्या फाइली, व्हॉल्यूममध्ये ठेवायचं. व्हॉल्यूम कंटेनरच्या बाहेर राहतो.

कंपोज फाइलमध्ये माझ्याकडे तीन सेवा आहेत: ॲप, पोस्टग्रेस डेटाबेस आणि बाहेरच्या जगाशी जोडणारा टनेल. तिन्हींना "रिस्टार्ट: अनलेस-स्टॉप्ड" लावलेलं आहे. पोस्टग्रेसच्या टॅगवर (इमेजच्या आवृत्तीच्या चिठ्ठीवर) "लेटेस्ट" लिहू नका, मोठ्या आवृत्तीचा आकडा लिहा. एका मोठ्या आवृत्तीच्या डेटा फाइली पुढची आवृत्ती तशाच उघडत नाही. एखाद्या रात्री "लेटेस्ट"नं उडी मारली की सकाळी डेटाबेस सुरूच होत नाही.

पासवर्ड वेगळ्या एन्व्ह फाइलमध्ये, फक्त सर्व्हरवर, मालकालाच वाचता येईल अशा परवानगीनं ठेवा आणि गिटइग्नोरमध्ये (गिटनं कोणत्या फाइली घ्यायच्या नाहीत त्या यादीत) तिचं नाव आधीच लिहा. चुकून ती एकदा जरी पुश झाली, म्हणजे गिटहबवर गेली, तर फाइल काढून उपयोग नाही, इतिहासात ती राहते. पासवर्डच बदलायचा.

वेळेचं एक सांगायलाच हवं. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ तारखेला पहाटे ५:१० ला आलेला टँकर माझ्या ॲपमध्ये आदल्या दिवशी रात्री ११:४० चा म्हणून दिसला आणि मागच्या महिन्याच्या हिशोबात गेला. ज्या हिशोबासाठी ॲप लिहिलं तोच चुकला. डेटाबेसमध्ये वेळ टाइमझोनसकट साठवा आणि दाखवताना, तसंच महिन्याची बेरीज करताना, आशिया/कोलकाता वापरा.

इमेज घरी बांधू नका

छोट्या संगणकावर इमेज बांधायला घेतली की तो घामाघूम होतो आणि तेवढा वेळ चालू ॲपही रखडतं. हे काम गिटहब ॲक्शन्सकडे द्या. मुख्य शाखेवर पुश झालं की तिथलं यंत्र कोड घेईल, चाचण्या चालवेल, इमेज बांधेल आणि गिटहबच्याच कंटेनर रजिस्ट्रीत (इमेजच्या गोदामात) ठेवेल. सार्वजनिक रेपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) हे फुकट आहे, खासगीला मोफत योजनेत महिन्याला २००० मिनिटं मिळतात. माझं ॲप तीन मिनिटांत बांधून होतं.

तयार ॲक्शन्स मिळतात: कोड घेणं, रजिस्ट्रीत लॉगिन, बांधून पुश करणं. त्या जोडल्या की फाइल वीस-पंचवीस ओळींची होते. अडायच्या जागा तीन. एक, वर्कफ्लोच्या (या कामांच्या फाइलीच्या) परवानग्यांत "पॅकेजेस: राइट" लिहिलं नाही तर शेवटच्या पायरीवर नकार येतो. दोन, इमेजच्या नावात कॅपिटल अक्षर चालत नाही, आणि गिटहबवरच्या आपल्या नावात ते बहुधा असतंच. तीन, रास्पबेरी पाय वापरत असाल तर एआरएम-६४ साठीही इमेज बांधायला सांगा. नाहीतर इमेज व्यवस्थित उतरेल आणि सुरू करताना "एक्झेक फॉरमॅट एरर" म्हणून थांबेल. तो संदेश वाचून दोष कोडचा वाटतो, असतो प्रोसेसरचा.

टॅग काय द्यायचा? कमिटचा हॅश, म्हणजे कोडमधल्या त्या बदलाची खूण. "लेटेस्ट" नको, कारण आज चालू आहे ते नेमकं कोणतं कोड, हे "लेटेस्ट" कधीच सांगत नाही. हॅश असला की कुठल्याही दिवशी बोट ठेवून सांगता येतं.

काय चालायला हवं ते एका फाइलीत

आता दुसरी, छोटी रेपॉझिटरी बनवा. माझीचं नाव "घर". तिच्यात फक्त कंपोज फाइल आणि पुढे येणारी स्क्रिप्ट आहे. कंपोज फाइलमध्ये ॲपच्या इमेजपुढे टॅग लिहिलेला असतो. नवी आवृत्ती चढवणं म्हणजे ही एक ओळ बदलून कमिट करणं. गिटहबच्या पानावर मोबाईलवरूनही ते करता येतं. एकदा मी बाणेरच्या सिग्नलला रिक्षात बसून केलंय.

ही ओळसुद्धा वर्कफ्लोनं आपोआप बदलावी अशी सोय करता येते. त्यासाठी फक्त "घर" रेपॉझिटरीपुरतं, फक्त मजकूर लिहिण्याचा हक्क असलेलं टोकन लागतं. पण पहिला महिना ती ओळ हातानंच बदला, असं माझं ठाम मत आहे. इमेज बांधून झाली की डोळ्यांखालून घालायची, मग ओळ बदलायची. व्यवस्थेवर विश्वास बसला की टोकन द्या.

सर्व्हरनं आणायचं कसं

सर्व्हरवर "घर"ची प्रत एकदा उतरवून (क्लोन करून) ठेवा. त्याच्या एसएसएच चावीला गिटहबवर "डिप्लॉय की" म्हणून, फक्त वाचण्याच्या हक्कानं नोंदवा. इमेज खासगी असेल तर रजिस्ट्रीसाठीही फक्त पॅकेज वाचता येणारं टोकन द्या. लिहिण्याचा हक्क सर्व्हरला कशाचाच नको.

मग स्क्रिप्ट. ती इतकी लहान आहे की ओळीनं सांगते. पहिली ओळ "सेट -ई": एखादी आज्ञा फसली तर तिथेच थांब. ही ओळ विसरलात तर स्क्रिप्ट चूक ओलांडून पुढे जाते आणि अर्धवट काम करून ठेवते. मग "गिट पुल --एफएफ-ओन्ली": "घर"मधले नवे बदल आण. कमिट बदललेला असेल तर डेटाबेसची एक प्रत "पीजी-डंप"नं काढून ठेवायची. शेवटी "डॉकर कंपोज अप -डी --वेट --रिमूव्ह-ऑर्फन्स". संपलं.

शेवटच्या आज्ञेचा मोठा गुण असा की काही बदललं नसेल तर ती काहीच करत नाही. ज्या सेवेचा टॅग किंवा मांडणी बदलली, तेवढाच कंटेनर नवा बनतो. डेटाबेसला हातही लागत नाही. म्हणून ती दर पाच मिनिटांनी, दिवसाला २८८ वेळा चालवली तरी बिघडत नाही. टॅग ठरलेला असल्यानं नवी इमेज लागली की तीच उतरवून घेते, वेगळं "पुल" लागत नाही. हे चांगलंच आहे, कारण डॉकर हबनं नोव्हेंबर २०२० पासून लॉगिन न करता इमेज उतरवण्यावर आयपी पत्त्यामागे मर्यादा घातली आहे, आणि तुमचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असेल तर त्या घरांचं उतरवणंही तुमच्याच खात्यात मोजलं जातं.

दर पाच मिनिटांनी स्क्रिप्ट चालवायला, लिनक्सच्या जुन्या क्रॉनपेक्षा सिस्टमडीचा टायमर घ्या. आधीची फेरी चालू असेल तर तो दुसरी सुरू करत नाही. क्रॉन करतो, आणि मग दोन स्क्रिप्ट एकाच वेळी एकमेकींच्या पायात येतात. सर्व्हिस "वनशॉट" (एकदा चालून संपणाऱ्या) प्रकारची करा, टायमरमध्ये यंत्र सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी आणि मग दर पाच मिनिटांनी असं लिहा. "ऑनफेल्युअर"मध्ये दुसरी छोटी सर्व्हिस जोडा, जी टेलिग्रामच्या बॉटवरून तुम्हाला एक ओळ पाठवेल.

इथे "--वेट"ला अर्थ यावा म्हणून हेल्थचेक, म्हणजे ॲप ठीक आहे का ते बघणारी तपासणी, लिहावाच लागतो. हेल्थचेक नसेल तर कंटेनर नुसता जिवंत आहे एवढ्यावर डॉकर समाधान मानतो. माझा पहिला हेल्थचेक मुख्य पान उघडतंय का एवढंच बघायचा. पान उघडायचं, पण डेटाबेसशी जोडणी तुटलेली, म्हणून बटण फिरत राहायचं. आता तो डेटाबेसमधली शेवटची नोंद वाचून दाखवणाऱ्या पत्त्यावर जातो. वापरणारा जे करतो त्याच्या जितकं जवळचं तपासाल तितकं बरं.

मागे फिरणं

नवी आवृत्ती सुरू होण्याआधी जुनी थांबते, हे लक्षात घ्या. नवी फसली तर जुनी मागे उभी नसते. म्हणून मागे फिरण्याचा रस्ता चढवण्याइतकाच सोपा हवा, आणि तो आहे: "घर"मधला शेवटचा कमिट रिव्हर्ट करा, म्हणजे उलटा फिरवा. पाच मिनिटांत जुना टॅग परत येतो. पहिल्याच आठवड्यात, काही बिघडलेलं नसताना, हे एकदा करून बघा.

पण मागे फिरतं ते कोड. डेटाबेस फिरत नाही. हे मला एका एप्रिलमध्ये समजलं. "लिटर" हा रकाना निरुपयोगी वाटला, कारण सगळे टँकर सारखेच. नव्या आवृत्तीनं तो डेटाबेसमधून काढून टाकला. त्या आवृत्तीत दुसरीच एक चूक निघाली, मी रिव्हर्ट केलं, आणि जुनं कोड "लिटर" शोधत बसलं. ॲप पुढेही जाईना, मागेही येईना. चढवण्याआधी प्रत काढायची ओळ तेव्हा स्क्रिप्टमध्ये नव्हती. पहाटे ३ वाजताची रोजची प्रत होती, ती परत भरली. तीननंतरचे दोन टँकर त्यात नव्हते. काकांनी ते सवयीनं कागदी वहीतही लिहिले होते, निळ्या शाईत, ड्रायव्हरच्या सहीसकट. तिथून ते मी हातानं भरले.

तेव्हापासून रकाना काढायचा असेल तर मी दोन टप्प्यांत काढते. आधी अशी आवृत्ती, जी तो रकाना वापरत नाही पण डेटाबेसमध्ये राहू देते. ती पंधरा दिवस निवांत चालली की मगच रकाना काढणारी आवृत्ती. नवा रकाना जोडताना तो रिकामा चालेल असा जोडायचा, म्हणजे जुन्या कोडलाही त्याची अडचण होत नाही. आणि प्रती त्याच संगणकावर ठेवून भागत नाही; माझी रोजची प्रत रात्री दुसऱ्या घरी, भावाकडे सहकारनगरला जाते. महिन्यातून एकदा ती लॅपटॉपवर भरून, कालचे टँकर दिसतात का ते मी पाहते.

बाहेरून पोचायचं

काकांचा मोबाईल त्यांच्या डेटावर असतो, माझ्या वायफायवर नाही. त्यासाठी क्लाउडफ्लेअरचा टनेल कंपोजमध्येच तिसरी सेवा म्हणून चालतो. तो आतून बाहेर जोडणी करतो आणि ॲपला सेवेच्या नावानं गाठतो, त्यामुळे एकही पोर्ट उघडावा लागत नाही. ही सोय मोलाची आहे, कारण डॉकरनं उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलला न जुमानता बाहेर दिसतो; फायरवॉल लावली म्हणून निर्धास्त झालेले बरेच जण इथे उघडे पडतात. मला स्वतःला सर्व्हरवर लॉगिन करायचं असेल तर टेलस्केल (आपल्याच यंत्रांचं खासगी जाळं). ॲपला लॉगिन हवंच, सोसायटीपुरतं असलं तरी.

जागा भरणं

सहा महिन्यांनी डिस्क भरते, दोन कारणांनी. जुन्या इमेज साचतात; आठवड्यातून एकदा न वापरलेल्या काढून टाकायची आज्ञा टायमरवर लावा, मागे फिरायची वेळ आलीच तर त्या रजिस्ट्रीतून परत मिळतात. आणि डॉकरच्या नेहमीच्या मांडणीत लॉगला कमाल मर्यादा नसते, ती स्वतः घालावी लागते. मी दर कंटेनरला १० एमबीच्या तीन फाइली ठेवते.

गुरुवार

पुण्यात गुरुवारी लाईट जाते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. दुरुस्तीची कामं त्या दिवशी निघतात. त्यामुळे लाईट आल्यावर सगळं आपोआप उभं राहतंय का, याची परीक्षा बुधवारी रात्रीच घ्या.

आधी बायोसमध्ये जा आणि वीज परत आल्यावर यंत्रानं काय करायचं त्या जागी "पॉवर ऑन" निवडा. बऱ्याच यंत्रांत तिथे "बंदच राहा" असतं, आणि मग तुम्ही ऑफिसात आणि संगणक घरी झोपलेला. मग संगणक रीतसर शटडाउन करून प्लग काढा. पहिल्यांदा एवढंच. दुसऱ्यांदा ताजी प्रत हाताशी ठेवून, ॲप चालू असताना प्लग काढा, कारण लाईट विचारून जात नाही.

परत प्लग लावल्यावर समोर बसून बघा. संगणक राउटरच्या आधी जागा होतो. इंटरनेट यायला अजून वेळ असतो. त्यामुळे स्क्रिप्टची पहिली फेरी फसते, ते ठीक आहे. कंटेनर डिस्कवरच्या इमेजमधूनच उभे राहतात, त्यांना गिटहब लागत नाही. राउटर यूपीएसवर असला की ही वाट बघणंही वाचतं, आणि लाईट फक्त दहा मिनिटांसाठी गेली तर घरातलं वायफाय तुटत नाही.

जुन्या यंत्रात आणखी एक गोष्ट तपासा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर-२०३२ सेल संपलेला असेल तर प्लग काढल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं "अजून लागू नाहीत" म्हणून रजिस्ट्री, टनेल नकार देतात, आणि दोष मात्र इंटरनेटचा वाटतो. सेल घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. माझा मी बदलला, बायोसमध्ये तारीख लावली, "पॉवर ऑन" पुन्हा निवडलं, कारण सेलबरोबर तेही पुसलं होतं.

शेवटी मोबाईलचं वायफाय बंद करून, डेटावर ॲप उघडा आणि खोटी नोंद टाकून पुसा. आमच्याकडे लाईट आल्यापासून बटण चालू होईपर्यंत तीन मिनिटं लागतात. काकांना मी एवढंच सांगून ठेवलंय, की लाईट आली की पाच मिनिटं थांबा, मग टँकर टाका.